खालच्या वस्तीची लाइन

नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरी द्यायची म्हणून नगरपालिकेने तिला बोलावलं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या मनात तिला फायली इकडून तिकडे नेण्याचं काम द्यायचं होतं. सावलीतलं, पंख्याखालचं. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ते नको साहेब. हे ज्या कामावर होते तेच द्या."

"अहो वहिनी, ते चावी फिरवायचे. बाईमाणसाचं काम आहे का ते?"

"तेवीस वर्षं ती चावी आमच्या दाराआड उभी असायची. मीच पुसायचे, मीच तेल लावायचे. उचलता येते मला."

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीइतक्या उंचीची लोखंडी कांब, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खाच. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पहारीने उचकटायचं, खाच आतल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दांडा धरून स्वतः गोल फिरायचं. अठरा आटे सोडले की वरच्या पेठेला पाणी, ते आवळून पुढचा व्हॉल्व्ह बावीस आटे सोडला की बाजाराला, आणि सगळ्यात शेवटी खालच्या वस्तीला. टाकी टेकडीवर, वस्ती नाल्याकाठी, आणि पाणी तिसऱ्या दिवशी दीड तास. गावाची सगळी भांडणं या तीन ओळींत मावत होती.

पहिल्या दिवशी तिला बघायला बाजारातली निम्मी दुकानं रस्त्यावर आली होती. झाकण दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा उचललं, पण तोवर घामाने तिचा चेहरा असा झाला होता की पाणी तिच्याकडूनच भरून घ्यावं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तीही हसली. मग दांडा धरून फिरायला लागली. महिनाभर तिचे तळहात फोडांनी भरलेले असत. तिसऱ्या महिन्यात मात्र कांबीच्या थरथरीवरून तिला कळायला लागलं की पाणी पुढच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं की नाही. नवऱ्याच्या सोबत्यांनी तिला आधीपासून वहिनी म्हणायची सवय होती. आता गावाने पुढे चावी जोडली. चावीवहिनी. रेशनच्या कार्डावरचं नाव घरच्यांनाही आठवेनासं झालं.

असं करत सात वर्षं गेली, आणि त्या वर्षी उन्हाळ्यात खालच्या वस्तीत कावीळ आली.

तशी ती दरवर्षी चार-दोन घरांत यायची. त्या वर्षी मात्र दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नव्वदच्या पुढे मोजणं सोडून दिलं. कुणी म्हणालं बाहेरचं खाल्ल्याने होतंय, कुणी म्हणालं या लोकांना स्वच्छता नको असते. साहेबांनी टाकीतलं पाणी तपासलं. औषध बरोबर पडत होतं, पाणी काचेसारखं. "टाकी ठीक आहे," त्यांनी कागदावर लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

चावीवहिनीची नणंद खालच्या वस्तीतच राहत होती. नणंदेची मुलगी बाळंतपणासाठी आईकडे आलेली, सातवा महिना. तिचे डोळे पिवळे झाले त्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, उन्हाचं असेल." चौथ्या दिवशी पोरगी बरळायला लागली. तिला गाडीत घालून मोठ्या गावच्या इस्पितळात नेलं. ती वाचली. पोटातलं बाळ राहिलं नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात चावीवहिनी नणंदेजवळ बसून होती. आतून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं पिता तुम्ही?"

नणंदेने भावजयीकडे बोट दाखवलं. "ह्या सोडतात ते."

तिच्या मनात टोमणा नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं, इतकंच. पण चावीवहिनीच्या काळजात ते खिळ्यासारखं रुतून बसलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिने खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह सोडला, चावी तिथेच चेंबरला टेकवली आणि खिशात खडू घेऊन गल्लीत उतरली. प्रत्येक दारात थांबून तोटीतलं पहिलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगायचं, आणि वास जाईपर्यंत किती बादल्या भराव्या लागल्या ते चौकटीवर खडूने लिहायचं. बायका आधी हसल्या.

"आमच्या दारावर काय जनगणना चाललीय?" पलीकडच्या घरातून आवाज आला. त्या बाईला सगळी वस्ती 'तोफ' म्हणायची. तिला कानात सांगता येत नसे. ती घरात नवऱ्याशी गोडीत बोलली तरी चार घरं सोडून लोकांना वाटे भांडण जुंपलंय.

"हुंगून बघ की," चावीवहिनी म्हणाली.

तोफेने हुंगलं. "ह्यॅ! हा तर रोजचाच वास. पहिल्या दोन बादल्या आम्ही अंगणात ओततो, मग भरतो."

"रोजचाच?"

"पाणी इतक्या दिवसांनी येतं म्हणजे शिळंच येणार ना?"

पाच फेऱ्या पाण्याच्या, म्हणजे पंधरा दिवस, ती हे करत राहिली. मग एका दुपारी गल्लीच्या वरच्या टोकापासून चालत खाली आली आणि नुसत्या चौकटी वाचत गेली. शिंप्याच्या घरापर्यंत सगळीकडे शून्य. शिंप्याच्या पुढचं घर न्हाव्याचं. तिथे चार. त्याच्या पुढे चार, तीन, तीन, आणि मग शेवटपर्यंत दोन, दोन. तिची नणंद न्हाव्याला लागून.

मागून बघायला तोफ आलीच होती. तिला चावीवहिनीने समजावून सांगितलं, "पाणी चालू असतं तेव्हा पाइप भरलेला असतो, बाहेरचं आत येत नाही. चावी बंद केली की आतलं पाणी उतारावर निघून जातं आणि पाइप रिकामा होतो. मग तो श्वास आत घेतो. कुठे जोड सुटलेला असेल तर तिथलं जे असेल ते आत ओढतो. दोन दिवस ओढत बसतो. तिसऱ्या दिवशी मी चावी सोडते आणि ते पहिलं तुमच्या बादलीत येतं."

"म्हणजे शिंपी आणि न्हावी यांच्यामध्ये कुठेतरी," तोफ म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चौकटी येऊन बघितल्या, मान हलवली आणि दोन मजूर दिले. कचेरीतल्या नकाशात लाइन गल्लीच्या मधोमध सरळ गेलेली होती. त्या दोन घरांच्या मध्ये मधोमध खणलं. हातभर खाली काळा खडक लागला. डावी-उजवीकडे खड्डा वाढवला. खडकच. पाइपाचा पत्ता नाही.

साहेब खड्ड्याच्या कडेला उभे राहून नकाशा उलटा करून बघत होते. "ज्याने काढला तो कधी इथे आला तरी होता का?"

"साहेब, पाणी तर पलीकडे येतंय. म्हणजे लाइन कुठूनतरी वळसा घालून गेलीय."

"कुठून? डावीकडे नाला आहे, उजवीकडे घरांच्या मागे तुमचा सार्वजनिक संडास. सगळी वस्ती खणू का? वरून मंजुरी लागेल." मजुरांनी फावडी खांद्यावर टाकली. खड्डा तसाच राहिला.

'तुमचा संडास' असं ते म्हणाले, त्याला कारण होतं. नवरा असताना चावीवहिनी याच वस्तीत राहायची. तेव्हा बायकांना नाल्याच्या काठाने पहाटे जावं लागे, आणि तिथे एकदा एका बाईला साप चावला. त्यानंतर तिने वर्षभर घरोघर फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले होते, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि जागा नाही म्हणून अधिकारी हात झटकायला लागले तेव्हा तिनेच त्यांना हाताला धरून शिंप्याच्या मागची मोकळी पट्टी दाखवली होती. दहा खोल्यांचा संडास तिथे उभा राहिला. बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, दाराला आतून कड्या. तिच्या आयुष्यात तिने स्वतः काही उभं केलं असेल तर ते. आता तिला मनापासून वाटत होतं की लाइन नाल्याच्या बाजूनेच निघावी.

ही लाइन टाकणारा फिटर अजून जिवंत होता. फिटरकाका निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्यांची आठवण पुसत चालली होती. एसटी थांब्यामागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. काकूंनी दार उघडलं आणि चावीवहिनीच्या खांद्यावरची चावी बघून बाजूला झाल्या.

"विचारून बघ," काकू म्हणाल्या, "पण आशा ठेवू नकोस. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि रोज सकाळी मला विचारतात, आपण कोण. एका परीने बरंच आहे म्हणा. जुनी भांडणं सगळी मिटली."

खाटेवर काका बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. चावीवहिनीने वस्तीचं नाव घेतलं, गल्ली सांगितली, खडक सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही विम्याच्या बाई का?"

ती उठायला लागली. चावी उचलताना दांडा भिंतीला लागून ठण्णकन वाजला. काकांची मान वळली. ते जवळ आले आणि दांड्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "ही वाकलीय. कुणी वाकवली? व्हॉल्व्ह जाम असला की जोर लावायचा नाही, आधी रॉकेल सोडायचं, थांबायचं."

काकू आणि चावीवहिनी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काका," चावीवहिनी हळूच म्हणाली, "कामावर यायचं का?"

"मग? इतका वेळ कशाची वाट बघतोय मी?"

रिक्षाने तिघं गल्लीच्या वरच्या टोकाला आली. काकांना तिथे उतरवून चावी हातात दिली. ती काठीसारखी टेकत ते चालायला लागले. घरांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर जमिनीच्या खाली कुठेतरी होती. वाटेत बायका, पोरं, तोफ, सगळे मागे गोळा होत गेले. शिंप्याच्या घरापुढे काका थांबले. डावीकडे, नाल्याच्या बाजूला त्यांनी तोंड केलं आणि चावीवहिनीने श्वास रोखून धरला. ते तसेच वळत वळत उजवीकडे फिरले आणि शिंप्याच्या बोळातून मागे गेले.

संडासाच्या पायरीशी येऊन त्यांनी चावी जमिनीवर दोनदा आपटली.

"इथून बेंड मारला. पुढे खडक. सुरुंग लावू नका म्हणाले, घरं कच्ची आहेत. मग बावीस फूट आत आलो, असं सरळ, आणि पुन्हा बाहेर." मग त्यांनी मान वर केली आणि समोरची भिंत बघितली. "ही पट्टी मोकळी ठेवा म्हणून मी सांगितलंय सगळ्यांना. हे कुणी बांधलं?"

काकांनी पुन्हा विचारलं, जरा रागाने. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चावीवहिनी पुढे झाली.

"मी, काका. मी बांधायला लावलं."

त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग तूच काढ," ते म्हणाले, आणि काकूंकडे वळून विचारलं, "चहा झाला का आपला?"

संडासाच्या मैल्याची टाकी बरोबर त्या पायरीमागे होती. पट्टी कुणी वापरत नाही म्हणून मोकळी आहे, असं तिला वाटलं होतं. मोकळी का आहे, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. अधिकाऱ्यांनाही नाही, आणि बांधणाऱ्यालाही नाही. पण जागा दाखवणारं बोट तिचं होतं.

तिथून ती तडक मुख्य चेंबरवर गेली आणि खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह शेवटच्या आट्यापर्यंत आवळला. मग कचेरीत जाऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, खालच्या वस्तीची चावी मी बंद केलीय. लाइन बदलेपर्यंत सोडणार नाही. रोज दोन टँकर द्या."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, संडासाखालून लाइन गेलीय हे कागदावर आणायचं म्हणजे मंजुरी देणारा, बांधणारा, सगळे आले त्यात. वर पाठवावं लागेल. दोन-तीन महिने धरा. तोवर उकळून प्या म्हणून सांगू लोकांना."

"दोन बादल्या ओतून टाकतात ते. उकळायला सरपण कुठून आणतील?"

"परवानगीशिवाय पुरवठा बंद केलात तर मला नोटीस काढावी लागेल."

"काढा. सही करते."

त्यांनी खरंच काढली. तिने खरंच सही केली. आणि नोटीस घडी घालून खिशात ठेवून ती वस्तीत गेली, कारण तिकडचं काम जास्त अवघड होतं.

संडासापुढच्या मोकळ्या जागेत बायका जमल्या होत्या. पाणी आलं नव्हतं आणि का आलं नाही ते त्यांना हवं होतं. चावीवहिनीने काही आडपडदा ठेवला नाही. पाइप कुठून गेलाय, आत काय ओढला जातोय, आणि ही जागा अकरा वर्षांपूर्वी कुणी दाखवली, सगळं सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे तूच पाजलंस आम्हाला." ती म्हणाली, "हो."

नणंद पुढच्या ओळीत होती. उठली, घरात गेली, दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

भाची मात्र तिथेच बसून होती, अंगात त्राण नसलेली, पायरीला टेकून. "मामी," तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

"मग रडत काय बसलाय? पुढचं सांगा. काय करायचं?"

चावीवहिनीला आपण रडतोय हे तोवर कळलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि सांगितलं. त्या काळी खडक फोडता आला नाही म्हणून वळसा घातला. आता ब्रेकर आहे, सुरुंगाशिवाय फुटतो. लाइन गल्लीतून सरळ नेली, नकाशात आहे तशीच, की संडासाला हातही लावावा लागत नाही. जुना वळसा दोन्हीकडून कापून बंद करायचा. मातीतलं खोदकाम वस्तीने केलं तर खडकाचा तुकडा तेवढा यंत्राला उरतो. पाइप कचेरीच्या मागच्या यार्डात गवतात पडून आहेत, कुठल्याशा रद्द झालेल्या कामाचे. रोज ती तिथूनच हजेरीला जाते, तिने मोजलेत. फक्त साहेबांनी हो म्हणायला हवं.

"ते माझ्याकडे लागलं," तोफ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली तेव्हा चाळीस बायका रिकाम्या बादल्या घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. घोषणा नाही, गोंधळ नाही. फक्त साहेबांच्या दाराशी तोफ बसली होती, आणि आत फोन वाजला की ती घसा खाकरायची. पलीकडच्या माणसाने विचारावं, "साहेब, तिकडे काय कोसळलं?" साहेबांनी दार लावून घेतलं. दाराचा काही उपयोग झाला नाही. टँकर त्या दिवशी एक आला, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "चला. एकदा डोळ्यांनी बघू द्या मला."

संडासाच्या पायरीशेजारी खणलं. कमरेइतकं खाली गेल्यावर माती ओली आणि काळी लागायला लागली. मजुराने नाकाला फडकं बांधलं. मग पाइप दिसला, बिडाचा, फिटरकाका म्हणाले होते तिथेच. आणि जोडावर, जिथे सांध्यातलं शिसं कधीच निखळलं होतं, तिथे दोन बोटं जातील एवढी फट. तिच्या अवतीभवती टाकीतून पाझरलेलं पाणी साचलेलं. साहेब खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. त्यांना दोन मुली आहेत, हे चावीवहिनीला त्या वेळी उगाचच आठवलं.

"पाइप किती म्हणालात यार्डात?" त्यांनी विचारलं.

"चौदा. आपल्याला नऊ पुरतील."

"मंजुरी येईल तेव्हा येईल. दुरुस्ती म्हणून घालतो मी. तातडीची दुरुस्ती. तेवढा अधिकार आहे मला."

नऊ पाइप आणि अकरा दिवस लागले. वस्तीने पाळ्या लावून चर खणला; शिंपी आणि न्हावी, जे वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना एकाच पाळीत टाकलं तोफेने, मुद्दामच. ब्रेकरने खडक फोडायला तीन दिवस घेतले, आणि त्या तीन दिवसांत गल्लीतल्या तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणाला दुपारची झोप मिळाली नाही. चावीवहिनी चरात उतरून प्रत्येक जोड हाताने चाचपून बघायची. जोड बसवणाऱ्या कचेरीतल्या फिटरला ते आवडायचं नाही. "माझ्यावर भरवसा नाही का वहिनी?" "आहे हो. पण जोडावर नाही." मैल्याची टाकी उपसून आतून सिमेंटने पक्की केली, ते दोन दिवस संडास बंद ठेवावा लागला आणि वरच्या गल्लीतल्या सहा घरांनी आपल्या संडासांची मोरीमागची दारं वस्तीच्या बायकांना उघडी ठेवली. कुणी न सांगता ठेवली असं नाही. चावीवहिनी आदल्या दिवशी सहाही घरी जाऊन आली होती, आणि निम्म्या घरांत तिला दोनदा जावं लागलं.

नव्या लाइनीचं पहिलं पाणी तासभर नाल्यात सोडून दिलं. मग नर्सबाई छोट्या काचेच्या नळ्या घेऊन आल्या. न्हाव्याच्या तोटीतलं पाणी नळीत घेतलं, औषधाचा थेंब टाकला. शुद्ध पाण्याचा रंग पिवळसर व्हायला हवा. सगळी गल्ली नळीवर वाकली होती. नळी पिवळी झाली.

"पिवळं झालं की बरं का वाईट?" तोफेने विचारलं, कारण त्या उन्हाळ्यात पिवळ्या रंगाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती.

"बरं, बरं," नर्सबाई हसल्या.

नणंदेने स्वतःच्या तोटीखाली बादली लावली. भरल्यावर ओंजळ नाकाशी नेली. चावीवहिनी गल्लीत, चार हात अंतरावर उभी होती. इतके दिवस दोघींमध्ये शब्द नव्हता.

"वास नाही," नणंद म्हणाली. दाराकडे बघून म्हणाली, पण ऐकू जाईल असं म्हणाली.

"वन्सं, दोन दिवस उकळूनच प्या."

"हं."

एवढंच झालं. त्या दोघींचं पूर्वीसारखं बोलणं सुरू व्हायला पुढे वर्ष गेलं, आणि बाळाचा विषय दोघींनी कधीच काढला नाही. भाची सासरी परत गेली. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, तेव्हा बाळंतपणाला ती आईकडेच आली, चावीवहिनीने नको म्हणून सांगून बघितलं, तर ती म्हणाली, "मामी, तुमच्या पाण्यावर तुमचाच विश्वास नाही?"

नोटिशीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. परवानगीशिवाय पुरवठा बंद केल्याचा ठपका चावीवहिनीच्या सेवापुस्तकात लागला. साहेबांनी तो अगदी मवाळ भाषेत लिहिला होता. तिने वाचून घेतला आणि म्हणाली, "बरोबर आहे. केला होता बंद." फिटरकाकांना तिने त्यानंतर आणखी तीन वस्त्यांतून फिरवलं. दोन ठिकाणी पायांनी साथ दिली, तिसऱ्या ठिकाणी ते एका झाडाखाली बसून राहिले आणि घरी जायचं म्हणाले. जिथे जिथे ते चावी आपटत, तिथे ती लोखंडी खुंटी ठोकून घेई.

पण खरी लढाई तिच्या मते पुढेच होती. जोड आज घट्ट आहे, दहा वर्षांनी पुन्हा सुटेल. पाइप दोन दिवस रिकामा राहिला की तो पुन्हा श्वास घेणार. लाइन रिकामी राहू द्यायची नाही, हा एकच उपाय. तिसऱ्या दिवशी दीड तास देण्याऐवजी रोज अर्धा तास द्या, पाणी तेवढंच, असं ती साहेबांच्या मागे लागली. हिशोब सोपा होता, पण वरच्या पेठेच्या लोकांना तो पटेना. त्यांच्या गच्चीवर मोठ्या टाक्या होत्या, त्या अर्ध्या तासात भरत नसत. सभेला पेठेतला एक दुकानदार उठून म्हणाला, "खालच्या वस्तीसाठी आम्ही आमची सवय का बदलायची?"

चावीवहिनीने खडू काढला आणि फळ्यावर त्याच्या घरापासून त्याच्या दुकानापर्यंतची लाइन काढली. वाटेत गटार कुठे कुठे ओलांडते ते दाखवलं. चार ठिकाणी ओलांडत होती. "तुमच्या टाकीच्या तळाशी काय बसलंय, ते कधी उतरून बघितलंत का?" तिने विचारलं. दुकानदाराने घरी जाऊन बघितलं असावं, कारण पुढच्या सभेला तो काही बोलला नाही.

रोज अर्धा तास सुरू झाला त्या सकाळी तिला तीन चेंबरांमधून अक्षरशः पळावं लागलं. वय चोपन्न, खांद्यावर चावी. खालच्या वस्तीत तोफ तोटी उघडी टाकून झोपली होती, कारण काल पाणी येऊन गेलं म्हणजे आज येणार नाही, ही आयुष्यभराची सवय. पाणी घरात शिरलं, चटई भिजली, आणि तिच्या ओरडण्याने गल्ली जागी झाली. अर्ध्या बायका आग लागली समजून बादल्या घेऊन धावल्या.

हे होऊन आता चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ती टेकडीवरच्या टाकीपाशी साहेबांसोबत उभी होती. टाकी भरत आली होती. खाली पेठ, बाजार, वस्ती, सगळं सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसत होतं. साहेब म्हणाले, "वहिनी, आता तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. जरा निवांत घ्या."

"घेते की," ती म्हणाली. "मला एवढं सांगा, आजची टाकी भरून वर किती वाहून जातंय?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. या सुरुवातीची त्यांना आता ओळख झाली होती. "का?"

"मग अर्ध्याचा पाऊण तास करायला काय हरकत आहे?" आणि उत्तराची वाट न बघता तिने चावी खांद्यावर घेतली आणि पहिल्या चेंबरकडे उतरायला लागली.